पृथ्वीच्या अंतरंगाची मापातली प्रतिकृती : भूकवच किती जाड काढायचं आणि प्रावरण 'वाहतं' ते दाखवायचं कसं?

मुलुंड_पूर्व

नववीच्या चार मुलांचा गट शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पृथ्वीचं अंतरंग आणि भूपट्टांची हालचाल हा विषय करतोय. थर्माकोलचा अर्धा कापलेला गोळा आणि आत पिवळा-नारिंगी-लाल रंग, हा नेहमीचा प्रकार टाळायचा आहे. ८ बाय ४ फुटांची सनबोर्डची एक शीट मिळू शकते. प्रश्न असे :

१) या शीटवर सगळे थर खऱ्या प्रमाणात बसतील का? की भूकवच दिसावं म्हणून ते फुगवूनच काढावं लागेल?

२) प्रावरणातले प्रवाह दाखवायला चंचुपात्रात पाणी आणि पोटॅशियम परमँगनेट वापरलं. रंग दहा सेकंदांत सगळीकडे पसरतो आणि बघणाऱ्याला काहीच कळत नाही. दुसरा काही उपाय?

३) भारतीय भूपट्टाचा वेग एका ठिकाणी वर्षाला ५ सेमी दिलाय, दुसरीकडे ३.५ ते ४, तिसरीकडे २. परीक्षकांनी विचारलं तर मुलांनी कुठला सांगायचा?

मुंबईशी संबंध जोडता आला तर उत्तम.

घाटवाट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. फुगवू नका. भूकवच नगण्य दिसतं, आणि तेच दाखवायचं आहे.

प्रमाण घ्या १ सेमी = ३० किमी. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी, म्हणजे २१२.४ सेमी. तुमची शीट २४४ सेमी उंच, तेव्हा ती उभी आरामात बसते. पूर्ण वर्तुळ अर्थातच मावणार नाही. ३० अंशांची फोड काढा. वरच्या टोकाला तिची रुंदी ११० सेमी होते आणि शीट १२२ सेमी रुंद आहे. ३० अंशच का, तर पृष्ठभागावर ३० अंश म्हणजे सुमारे ३३३५ किमी. कन्याकुमारी ८ अंश उत्तरेला, काश्मीरचं उत्तर टोक ३७ च्या आसपास. म्हणजे डावी कड ८ अंश आणि उजवी ३८ अंश धरली की तुमची फोड हा भारताचाच दक्षिणोत्तर छेद होतो. एक अंश बरोबर ३.७ सेमी. मुंबई १९ अंशांवर, म्हणजे डाव्या कडेपासून कमानीवर ४०.८ सेमी. हिमालयाचा पायथा त्या बाजूला ३२ अंशांच्या जवळपास, म्हणजे ८९ सेमी.

आखणी अशी. शीट जमिनीवर आडवी पसरा. खालच्या कडेपासून १५ सेमी वर, बरोबर मध्यावर, पृथ्वीचं केंद्र. सनबोर्डात खिळा टिकत नाही, तो फिरता फिरता भोक मोठं करतो. म्हणून मागून प्लायचा हातभर तुकडा चिकटवा आणि स्क्रू त्यात बसवा. सुतळीने कमान काढायचा मोह टाळा. दोन मीटरवर सुतळी सहज अर्धा-एक सेंटीमीटर ताणली जाते, आणि तेवढ्यात तुमचं अख्खं भूकवच गेलं. त्याऐवजी सव्वादोन मीटरची लाकडी बॅटनपट्टी घ्या, एका टोकाला स्क्रूच्या मापाचं भोक, आणि तिथून पुढे पेन्सिल जाईल एवढी भोकं या अंतरांवर :

४०.७ सेमी : अंतर्गाभ्याची कड (त्रिज्या सुमारे १२२० किमी)
११६.० सेमी : गाभा आणि प्रावरण यांची सीमा, गटेनबर्ग विलगता (खोली सुमारे २८९० किमी)
१९०.४ सेमी : ६६० किमी खोली
१९८.७ सेमी : ४१० किमी खोली
२०९.० सेमी : शिलावरणाचा तळ, सरासरी १०० किमी
२१२.४ सेमी : पृष्ठभाग

फोडीच्या दोन कडांसाठी कोनमापक नको, एवढ्या मापाला त्याची चूक मोठी होते. स्क्रूपासून सरळ वर २०५.२ सेमी मोजा, तिथून दोन्ही बाजूंना ५५ सेमी. हे दोन बिंदू स्क्रूला जोडा. प्रत्येक रेघ २१२.४ भरली तर काम बरोबर.

मोहो विलगता, म्हणजे भूकवचाचा तळ, पट्टीने काढू नका, कारण ती एका खोलीवर नाहीच. ती हाताने काढायची : मुंबईच्या आसपास भूकवच साधारण ३५ ते ४० किमी, म्हणजे सव्वा सेंटीमीटर, हिमालय-तिबेटखाली ६० ते ७० किमी, म्हणजे २ ते २.३ सेमी. सागरी कवच ६-७ किमीचं, म्हणजे जेमतेम २ मिमी. साध्या मार्करची एक रेघ ओढली की झालं, वेगळं रंगवायला जागाच नाही. एव्हरेस्ट ३ मिमी. रशियातलं कोलाचं भोक, आजवरचं सर्वांत खोल, १२,२६२ मीटर, ते ४ मिमी. तिथे एक टाचणी टोचा आणि बाजूला लिहा. तळाशी तापमान १८० अंश सेल्सिअस निघालं, अंदाज होता त्याहून बरंच जास्त, आणि त्याच उष्णतेने पुढचं खोदकाम अडवलं.

आता सर्रास होणारी चूक : भूपट्ट म्हणजे भूकवच असं दाखवणं. भूपट्ट म्हणजे शिलावरण, अर्थात भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा कडक भाग, दोन्ही मिळून. म्हणून फोडीच्या डाव्या कडेला पदार्थानुसार थर लिहा (भूकवच, प्रावरण, गाभा) आणि उजव्या कडेला वागणुकीनुसार (शिलावरण, त्याखालचं मऊसर दुर्बलावरण, खालचं प्रावरण, द्रव बाह्य गाभा, घन अंतर्गाभा). एकाच यादीत दोन्ही कोंबलं की मुलं 'शिलावरणाच्या खाली प्रावरण सुरू होतं' असं म्हणतात.

आणि ही शीट लोकलने न्यायची असेल तर मधोमध, १२२ सेमीवर, आडवी कापा. सांधा बाह्य गाभ्यात येतो. तिथे बारीक काही दाखवायचं नसतं.

लहरीमामा

वरचं सगळं मान्य. फक्त रंगाबद्दल : प्रावरण लाल रंगवू नका. लाल दिसलं की बघणारा 'लाव्हा' म्हणतो आणि तिथून पुढचं सगळं स्पष्टीकरण वाया जातं. वरच्या प्रावरणाचा खडक मुख्यतः ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीन या खनिजांचा, रंगाने हिरवट. शेवाळी हिरवा घ्या. ४१० किमीला ऑलिव्हिनची स्फटिकरचना दाबाने बदलते, ६६० ला पुन्हा बदलते, तिथे हिरव्याच्या छटा गडद करत न्या.

प्रावरण घन आहे याचा पुरावा एका वाक्यात : दुय्यम भूकंपलहरी द्रवातून जात नाहीत, आणि त्या प्रावरणातून व्यवस्थित आरपार जातात. त्याच लहरी बाह्य गाभ्यापाशी थांबतात. भूकंपकेंद्रापासून साधारण १०४ अंशांपलीकडच्या वेधशाळांना त्या थेट मिळतच नाहीत. प्राथमिक लहरी गाभ्यातून जातात, पण त्यांचा वेग सीमेवर सेकंदाला सुमारे १३.७ किमीवरून ८ किमीवर कोसळतो, त्या वाकतात आणि १०४ ते १४० अंशांत छायापट्टा पडतो. त्या छायेतही क्षीण लहरी कशा पोचतात, याचा उलगडा इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये केला : आत आणखी एक गाभा असून लहरी त्यावरून परावर्तित होतात. तो घन आहे तो थंड म्हणून नव्हे. तापमान ५००० अंशांच्या वर आहे, पण केंद्राशी दाब वातावरणाच्या सुमारे ३६ लाख पट आहे, त्यामुळे लोखंड वितळू शकत नाही. हा प्रश्न परीक्षक हमखास विचारतात.

मग घन प्रावरण वाहतं कसं? डांबराचा घट्ट गोळा हातोडीने फुटतो, पण तोच पिंपात ठेवून दिला तर महिन्या-वर्षांत पसरतो. प्रावरणाला हे करायला लाखो वर्षं लागतात. लहरी काही सेकंदांत येऊन जातात, त्यांच्या दृष्टीने ते टणकच.

आता प्रयोग. पाण्यात तो जमणार नाही, कारण पाणी फार पातळ, आणि परमँगनेट विरघळत असल्यामुळे प्रवाह आणि नुसता पसरलेला रंग यांत फरकच करता येत नाही. पाहिजे ते जाड द्रव आणि न विरघळणारे कण.

– ओव्हनमध्ये चालणारा काचेचा आयताकृती ट्रे, साधारण २५ × १५ सेमी. साधी काच घेऊ नका, तडकते.
– सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल १ लिटर. खोली अडीच सेमीच्या आसपास येते. याहून उथळ असेल तर प्रवाह नीट फिरत नाही.
– पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या दोन पुड्या, बोटांनी चुरून. हळद किंवा तिखट नको. तेलाला रंग चढतो आणि कण दिसेनासे होतात.
– चार विटा, दोन टी-लाइट मेणबत्त्या.

आदल्या रात्री ओरेगॅनो थोड्या तेलात भिजवा. कोरडा घातला तर सगळा वर तरंगत राहतो. ट्रे विटांवर असा ठेवा की ज्योत आणि काच यांत दोन-तीन सेमी अंतर राहील. ज्योत टेकली की काजळी धरते आणि खालून काही दिसत नाही. दोन्ही मेणबत्त्या मध्यावर, लांबीला आडव्या रेषेत. तीन ते पाच मिनिटांत कण मध्यावर वर येतात, पृष्ठभागावरून दोन्ही कडांकडे सरकतात, कडेला बुडतात. बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा, मागे काळा कागद लावा. पंखा बंद, नाहीतर पृष्ठभागावरचं तेल वाऱ्यानेच सरकतं. मेणबत्त्या सगळीकडे पसरून ठेवल्या तर तळ सारखाच तापतो आणि कण नुसते थरथरतात. हीच सर्वांत मोठी फजिती.

ट्रेजवळ पाटी लावा : 'हे तेल म्हणजे लाव्हा नव्हे. कोट्यवधी वर्षं पाच मिनिटांत दाखवण्यासाठी पातळ द्रव घेतला आहे.'

मुलुंड_पूर्व

फारच उपयोगी. पण एक अडचण आहे. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये उघडी ज्योत चालत नाही असं कळवलंय. आणि तेलावर कागदाचे दोन तुकडे सोडून 'भूपट्ट दूर जातात' असं दाखवायचं मुलांच्या मनात आहे, ते करू द्यावं का? तिसरा प्रश्न अजून बाकी आहेच.

लहरीमामा

ज्योतीऐवजी स्टीलचे दोन पेले काठोकाठ उकळतं पाणी भरून मध्यावर ट्रेच्या तळाला टेकवा. टेकलेच पाहिजेत, मध्ये हवा राहिली तर उष्णता पोचत नाही. पेले विटांपेक्षा ठेंगणे असतील तर खाली पुठ्ठा घाला. दर पाच-सात मिनिटांनी पाणी बदला. पाणी भरायचं काम मोठ्या माणसाचं, मुलांचं नाही.

तेलावरचे कागद : करू द्या, पण तिथेच थांबू नका. त्यातून असं वाटतं की खालचा प्रवाह भूपट्टांना पाठीवर घेऊन चालतो. जुन्या पुस्तकांत तसंच असे. आज मोठा वाटा भूपट्टाच्या स्वतःच्या वजनाला दिला जातो : जुना, थंड, जड झालेला सागरी भूपट्ट गर्तेत, म्हणजे समुद्रतळावरच्या खोल खंदकात, बुडतो आणि उरलेल्याला आपल्यामागून ओढतो. शिवाय मध्यसागरी पर्वतरांग उंच असते, तिच्या उतारावरून भूपट्ट बाहेर ढकलला जातो, तो वाटा त्यापेक्षा कमी. वेग पाहा : पॅसिफिक भूपट्टाच्या कडेला लांबच लांब गर्ता आहेत, तो वर्षाला ७ ते १० सेमी सरकतो. युरेशियाच्या कडेला असं ओढणारं जवळजवळ काही नाही, तो २ सेमीच्या आसपास.

हे दाखवायला रेक्झिनची मीटरभर पट्टी, गुळगुळीत बाजू खाली, सनमायकाच्या टेबलावर. वीसेक सेमी टोक काठावरून खाली सोडा, त्याला छोट्या पिशवीत एकेक नट टाकत जा. ठरावीक वजनाला अख्खी पट्टी सरकायला लागते. कापडी बाजू खाली गेली तर घर्षण इतकं की पिशवीच सुटते.

ध्रुवतारा

तिसरा प्रश्न. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाचा संदर्भ वेगळा आहे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कायमचं जीपीएस केंद्र आहे. जागतिक संदर्भचौकटीत, म्हणजे अख्ख्या पृथ्वीच्या हिशेबात, ते वर्षाला उत्तरेकडे साधारण ३.५ सेमी आणि पूर्वेकडे सव्वाचार सेमी सरकतं. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ : साडेपाच सेमी, दिशा ईशान्य. पुस्तकातला '५ सेमी' तो हाच. पण युरेशिया काही जागेवर बसून नाही, तोही पूर्वेकडे सरकतो आहे. त्याची गती वजा केली की भारत त्याच्याकडे वर्षाला ३.५ ते ४ सेमी वेगाने जातो असं निघतं. यातलं सगळं हिमालयातच जिरत नाही. सुमारे २ सेमी हिमालयाच्या रांगेत आवळलं जातं, उरलेलं तिबेट आणि त्यापलीकडच्या भूभागात वाटलं जातं. परीक्षकांनी विचारलं तर मुलांनी उलट विचारावं, 'कशाच्या संदर्भात?'

तुमच्या फोडीवर ५ सेमी दिसणार नाही हेही सांगून टाका. १ सेमी = ३० किमी या मापात मुंबई १ मिलिमीटर पुढे जायला ६० हजार वर्षं लागतील. नववीतल्या मुलाच्या जन्मापासून आजपर्यंत मात्र मुंबई पाऊण मीटर सरकली आहे, हे मुलांना जास्त भावतं. मोबाइलच्या जीपीएसवर हे मोजता येईल का, असं कोणीतरी विचारेलच. नाही. त्याची चूकच काही मीटरची असते. वर्षानुवर्षं एकाच खडकात बसवलेला अँटेना लागतो.

मुंबईचा धागा हवा असेल तर आपला काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची कोरली जाते. क्षेत्र क्षितिजाशी किती कोन (नतिकोन) करतं यावरून अक्षांश काढता येतो : नतिकोनाचा टॅन = २ × अक्षांशाचा टॅन. दख्खनच्या बेसाल्टात हा कोन ४७ अंशांच्या आसपास धरला तर अक्षांश येतो २८, आणि तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला. आज आपण १९ उत्तर. एकूण ४७ अंश, गुणिले १११ किमी, म्हणजे सुमारे ५२०० किमी. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांचा. भागाकार करा : वर्षाला सुमारे ८ सेमी, आणि तोही नुसता उत्तरेकडचा सरासरी वेग. आजच्या उत्तरेकडच्या साडेतीनपेक्षा हा कितीतरी जास्त, कारण सुरुवातीला भारत वर्षाला १५ सेमीहूनही वेगाने येत होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर सुरू झाली आणि गाडीचा वेग पडला. हे गणित नववीच्या मुलांना टॅनचं कोष्टक देऊन करता येतं. निदान एक पाटी तरी याचीच हवी.

जाता जाता : हे चुंबकीय क्षेत्र तयार होतं बाह्य गाभ्यातल्या द्रव लोखंडाच्या हालचालीतून. मुंबईत त्याच्या नोंदी कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून घेतल्या जात. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने उपकरणं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेलं, तिथे ते आजही चालू आहे. गाभा दाखवणाऱ्या पाटीवर हे दोन ओळींत टाका. मुंबईकर थांबून वाचतील.

गिरगाव_चौपाटी

मुंबई किनाऱ्यावर म्हणजे भूपट्टाच्या कडेवरच आहे ना? म्हणूनच भूकंपाची भीती जास्त?

घाटवाट

नाही. किनारा ही खंडाची कड, भूपट्टाची नव्हे. भारतीय भूपट्ट अरबी समुद्राखालून पुढे नैर्ऋत्येला कार्ल्सबर्ग मध्यसागरी रांगेपर्यंत आणि पश्चिमेला ओमानच्या बाजूच्या ओवेन भ्रंशापर्यंत जातो. दोन्ही मुंबईपासून हजार किलोमीटरहून लांब. सेशेल्सचा तुकडा ६ कोटी वर्षांहून आधी आपल्यापासून तुटला तेव्हा इथे कड तयार होत होती, ती आता विझलेली आहे. तिची खूण मात्र डोळ्यांनी दिसते : माथेरान-लोणावळ्याला लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, आणि पनवेलपासून पश्चिमेला तेच थर समुद्राकडे कललेले आहेत. याला पनवेल वळी म्हणतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, ते उभे षटकोनी-पंचकोनी खांब, याच लाव्हा-काळाच्या अखेरच्या टप्प्यांशी जोडलेली. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं मात्र ज्वालामुखीची नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं. खोलीबरोबर दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढ पुरते.

भूकंपाचं म्हणाल तर भीती कडेची नाही, भूपट्टाच्या आतल्या जुन्या भेगांची. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, २६ जानेवारी २००१ चा भूजचा, तिन्ही कडेपासून आत झालेले. किल्लारी तर त्या वेळच्या नकाशात सर्वांत सुरक्षित मानल्या जाणाऱ्या पट्ट्यात होतं. मुंबई आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत विभाग ३ मध्ये आहे, क्षेत्रगुणक (जितका मोठा तितका धोका जास्त) ०.१६; कोयना विभाग ४, गुणक ०.२४. भराव घातलेल्या जमिनीवर हादरा कातळापेक्षा जास्त जाणवतो, आणि मुंबईत भराव किती आहे ते सांगायला नको.

मुलांना एक गणित : प्राथमिक आणि दुय्यम लहरींतला वेळेचा फरक सेकंदांत, गुणिले ८, बरोबर भूकंपकेंद्राचं अंतर किलोमीटरमध्ये. कोयना कुलाब्यापासून सुमारे २०० किमी, म्हणून फरक २५ सेकंद. हा ८ चा आकडा कवचातून येणाऱ्या लहरींपुरता. २०० किमीच्या पुढे प्रावरणातून वळसा घालून आलेली लहर थेट लहरीला मागे टाकून आधी पोचते, कारण तिथे वेग ८ किमी, कवचात ६. मोहोरोविचिच यांना १९०९ मध्ये क्रोएशियाच्या भूकंपाच्या नोंदींत हेच दिसलं, आणि मोहोला नाव मिळालं ते असं.

मुलुंड_पूर्व

आभार. शेवटचं एक : ज्योत नाही, तेल सांडायची भीती, तर टेबलावर लोकांना हाताळायला देता येईल असं काही?

लहरीमामा

घनता मोजू द्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर पाण्याने निम्मा भरलेला प्लॅस्टिकचा मग, काटा शून्यावर आणा. खडीचा २००-३०० ग्रॅमचा दगड आधी कोरडा तोलून घ्या. मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं दगडाचं आकारमान घनसेंटीमीटरमध्ये. कोरडं वजन २९० आणि काट्यावर १०० आले तर घनता २.९. दगड तळाला टेकला की आकडा उडी मारतो, बुडबुडे चिकटले तरी चुकतो, म्हणून एकदा दोरा झटकायचा. बारीक भोकं असलेला दगड २.५ च्याही खाली उतरतो, सलग काळा निवडा. बाजूला दुसरी पाटी : अख्ख्या पृथ्वीची सरासरी घनता ५.५१. वरचा दगड २.९ चा असताना सरासरी ५.५१ कशी, हा प्रश्न दगड हातात असतानाच विचारायचा आणि बोट फोडीच्या खालच्या निम्म्या भागाकडे दाखवायचं. गाभा आकारमानाने फक्त १६ टक्के, पण पृथ्वीचं जवळजवळ एक तृतीयांश वजन तिथे आहे.

दोरा नायलॉनचा घ्या. सुती दोरा पाणी पितो.